अक्षरं सारखी दिसली, म्हणून सोयरीक जुळली का?

(दिंडोरी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, मोबाइलवर फिरणारा तो तक्ता तुम्हीही पाहिला असेल. एका बाजूला अशोककालीन ब्राह्मी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आणि खाली दावा, की इंग्रजी अक्षरं आपल्याकडूनच गेली.

आता आकार सारखे आहेत, हे खरंच. ब्राह्मी ‘ज’ इंग्रजी ‘ई’सारखा दिसतो, ‘ट’ ‘सी’सारखा, ‘उ’ ‘एल’सारखा, ‘ठ’ म्हणजे सरळ वर्तुळ. पण उच्चार बघा ना! एकही जुळत नाही. तक्ता करणाऱ्यानं नेमकं तेच झाकलंय. ‘ध’ आणि ‘डी’ तेवढे जवळ येतात. पण ‘डी’चा फिनिशियन पूर्वज त्रिकोणी होता, आणि ब्राह्मीतला त्रिकोण म्हणजे ‘ए’! रेघ, फुली, गोल, त्रिकोण... छिन्नीनं दगडावर सोपं असं कोरायचं तरी किती प्रकारांनी?

याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. नहपानाच्या मूळ नाण्यावर लिप्या तीन: ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी. ग्रीक अक्षरांतही भाषा प्राकृतच. त्यातलं पहिलं अक्षर हुबेहूब इंग्रजी ‘पी’, पण वाचायचं ‘र’. शेवटचं ‘सी’सारखं, ते ‘स’. म्हणजे ग्रीक आणि रोमन या सख्ख्या नात्यातल्या लिप्या, तिथेही नुसत्या दिसण्यावर गेलं तर माणूस फसतो. मग परक्यांचं काय घेऊन बसलात?

पण हा दोष फक्त तक्तेवाल्यांचा नाही हो. जर्मन पंडित ब्यूलर यांनी १८९५ मध्ये उलटी बाजू मांडली: ब्राह्मी सेमिटिक लिपीतून आली. माणूस फार मोठा, आणि त्यांनी आकारासोबत उच्चारही तपासला. ‘ग’ आणि ‘थ’ त्यांच्या बाजूनं चांगले बोलतात. पण इतर अक्षरं जुळवायला त्यांनी कुठे अक्षर उलटं केलं, कुठे आडवं, कुठे एखादी रेघ वाढवली. एवढी सूट मिळाली तर मी मोडीसुद्धा चिनीतून काढून दाखवीन!

खरोष्ठीचं तसं नाही. ती अरामाईकवरून आली हे पटतं, कारण आकार आणि उच्चार बऱ्याच अक्षरांत एकत्र जुळतात, लिहिण्याची दिशाही उजवीकडून डावीकडे, आणि त्याच वायव्य मुलखात इराणी अंमलात अरामाईक कारभाराची लिपी होती. ब्राह्मीबद्दल पंडितांचं अजून एकमत नाही. मला अरामाईकचा काही हात वाटतो. पण काना-मात्रांची ती देखणी व्यवस्था अरामाईकमध्ये सापडत नाही, ती इथलीच.

पांडवलेण्यात गेलात तर १९ नंबरचं लेणं चुकवू नका. सातवाहन राजा कृष्णाच्या काळातला तो छोटा लेख आहे. त्यात अधिकच्या चिन्हासारखा ‘क’ शोधा. मुलांना मात्र आधी विचारा, हे काय असेल? बेरीज म्हणतील.