धनुष्य, बंदूक आणि अंगठा

चार वर्षांपूर्वी चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाने आपल्या कादंबरीचे बाड माझ्याकडे वाचायला दिले. कादंबरी अद्भुतरम्य. डोंगरावरचे लोक तीरकामठ्याने शिकार करणारे. खाली नदीकाठच्या नगरात विमाने आणि विजेची शस्त्रे. आणि दोघांमध्ये अंतर फक्त एका दिवसाच्या चालीचे. एका प्रकरणात रानात कोसळलेल्या विमानाचा पत्रा एक मुलगी तोडून घेते आणि त्याची बाणाची पाती करते. त्या पानाच्या समासात मी लाल शाईने 'कालविपर्यास' असा शेरा मारला आणि बाड परत केले. आज तो शेरा मला मागे घ्यावासा वाटतो. कादंबरीत दोष होता, पण मी दाखवला तिथे नव्हता.

वेगवेगळ्या युगांची साधने शेजारी नांदणे खानदेशाला नवे नाही. यावल-रावेरच्या मळ्यात प्रयोगशाळेत तयार झालेले केळीचे रोप ठिबकच्या नळीवर वाढते आणि त्याच मळ्यात सातपुड्यातून आलेला पावरा मजूर राबतो. कुणाच्या घरी भिंतीला धनुष्य असते, कुणाच्या खिशात मोबाइल. पुष्कळदा दोन्ही एकाच माणसाचे. सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू' (२०१०) या कादंबरीचा नायक पुरातत्त्वज्ञ आहे. मोहेंजोदडो आणि मोरगाव त्याच्या मनात एकाच वेळी जागे असतात. एक युग संपले, मग दुसरे सुरू झाले, ही पाठ्यपुस्तकातली रांग तिथे चालत नाही. उपशीर्षकातला 'अडगळ' हा शब्द तेच सांगतो.

तेव्हा धनुष्य आणि विमान एकत्र कसे, हा प्रश्न समीक्षेच्या फारसा कामाचा नाही. ते एकत्र असूनही एकाचे साधन दुसऱ्याच्या हातात का जात नाही, हे विचारले पाहिजे. कल्पित जग खरे वाटते की नाही, हे लेखक याचे काय उत्तर देतो त्यावर ठरते.

या प्रश्नाचे आपल्याकडचे जुने उत्तर आदिपर्वात आहे. निषादराज हिरण्यधनूचा मुलगा एकलव्य द्रोणांकडे जातो, नाकारला जातो, मातीच्या मूर्तीसमोर सराव करतो आणि अर्जुनाच्या बरोबरीला येतो. गुरुदक्षिणेतल्या अन्यायावर आपण भरपूर लिहिले आहे. मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते. वनातला मुलगा राजवाड्यातली विद्या शिकू शकत नाही, असे महाभारत म्हणत नाही. तो शिकतो, म्हणून तर अंगठा मागावा लागतो. वन आणि हस्तिनापूर यांच्यातले अंतर आपोआप टिकत नाही, ते कुणीतरी राखते, हे कथेत उघड दिसते.

पुढे १८८०चे खानदेश गॅझेटियर वाचताना ही रचना मला आपल्याच मातीत पुन्हा भेटली. १८१८मध्ये खानदेश कंपनीकडे गेला आणि धुळे हे कारभाराचे ठाणे झाले. डोंगरातल्या भिल्लांशी झगडा चालूच राहिला. १८२५मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. ज्यांना साहेबलोक रानटी म्हणत, त्यांनी कवायत आणि बंदूक दोन्ही आत्मसात केल्या. भिल्ल जन्मतःच धनुष्याच्या युगातला असता, तर ही पलटण उभी राहिली नसती. याच कंपनीच्या नोकरीत खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाची राखण करीत असे. १८५७मध्ये तो उठला आणि १८५८मध्ये सातपुड्यात अंबापाणीला कंपनीची फौज त्याच्या भिल्लांशी लढली. सरकारची तऱ्हा बंडखोराला ठाऊक होती, कारण तो सरकारच्या घरातूनच गेला होता. मग १८७८मध्ये शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना लागू लागला, युरोपियनाला त्यातून सूट मिळाली. अंगठा या वेळी कलमाने मागितला गेला.

कल्पित साहित्यात हा प्रश्न ओळखणारे लेखक आहेत. मार्क ट्वेनच्या 'अ कनेक्टिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट' (१८८९) मध्ये एकोणिसाव्या शतकातला कारागीर आर्थर राजाच्या काळात जाऊन पडतो. तो कारखाने, शाळा, टेलिफोन उभारतो, मुले शिकवून तयार करतो. पण धर्मसत्ता उलटते तेव्हा मोजकी मुलेच त्याच्याबरोबर उरतात आणि शेवट विजेच्या तारांवर सरदारांच्या मुडद्यांनी होतो. यंत्र पोचले, पण त्यामागचा अधिकार कुणी वाटून घेतला नव्हता.

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत गोळी विश्वासरावांना चाटून जाते आणि मराठे लढाई जिंकतात. नारळीकर तिथेच थांबत नाहीत. मराठी राज्यकर्ते विज्ञानाची केंद्रे काढतात; कंपनीचे तज्ज्ञ घेतात, तेही ती केंद्रे स्वावलंबी होण्यापुरतेच. युरोपचे तंत्र कोणत्या अटीवर आले, हे त्यांनी सांगितले आहे, म्हणून ते जग पटते. त्या केंद्रांत सातपुड्यातले कुणी शिकत होते का, हे मात्र कथा विचारत नाही. तिचा तो विषय नाही हे मान्य. पण पुढच्या लेखकासाठी ती जागा मोकळी आहे.

आता त्या बाडाकडे येतो. तीनशे पानांत डोंगरावरचा कुणी नगरात उतरत नाही, नगरातला कुणी मधासाठी वर चढत नाही, आणि याला कारणही दिलेले नाही. त्या लोकांचा अंगठा कुणी कापलेला नाही. लेखकाने त्यांना अंगठ्याविनाच कल्पिले आहे. याला फक्त एक अपवाद आहे: पत्र्याची पाती करणारी ती मुलगी. कादंबरी तिथे जिवंत झाली होती आणि नेमकी तिथेच मी लाल रेघ ओढली.

तो तरुण स्वतः पाड्यावरचा, पुढे पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकलेला. त्याच्या हातून ते पान सुटले नव्हते, अनुभवातून आले होते. मी कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. ग्रंथालयात बसून जे जमले ते जमवले, आणि 'हे तुमचे काम नाही' हे वाक्य मीही ऐकले आहे. तरी लाल शाई हातात आल्यावर मी द्रोणांच्या बाजूला जाऊन बसलो, ही गोष्ट मला अजून सलते.

गेल्या महिन्यात त्याला पत्र लिहिले. शेरा खोडावा, उरलेली कादंबरी त्या मुलीच्या मागे चालत न्यावी, आणि तिला नगराच्या वेशीवर कोण अडवते ते लिहावे, एवढेच त्यात आहे.