काव्याध्यापन : सूर व प्रतिमा

माध्यमिक शाळेतील काव्याध्यापनात शब्दार्थ, वृत्त व अलंकार यांना निश्चित स्थान आहे. सूर व प्रतिमा यांना तसे स्थान अद्याप लाभलेले नाही. बोलणाऱ्याची विषयाकडे व श्रोत्याकडे पाहण्याची वृत्ती शब्दयोजनेतून आणि लयीतून प्रकट होते, ती म्हणजे कवितेचा सूर. आय्. ए. रिचर्ड्‌स याने प्रॅक्टिकल क्रिटिसिझम (१९२९) या ग्रंथात अर्थाची जी चार अंगे मानली, त्यांत सूर हे एक होय. कवीचे नाव न सांगता केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या असता त्यांतील अनेकांना साधा आशयही नीट उमगला नाही, असे त्याला आढळले. भारतीय परंपरेला ही कल्पना परकी नाही. स्वरभेदाने अर्थ पालटतो, या तत्त्वाला संस्कृत काव्यशास्त्रात ‘काकू’ अशी संज्ञा आहे. प्रतिमेची मराठीतील सविस्तर चर्चा सुधीर रसाळ यांच्या कविता आणि प्रतिमा (१९८२) या ग्रंथात आढळते.

वर्गात मात्र प्रतिमा बहुधा अलंकारात विरून जाते. उपमेय, उपमान व साधर्म्य ओळखले, की काम संपले असे मानले जाते. यातील उणीव यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात विशेष जाणवते. कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. व्याकरणदृष्ट्या ते रूपक. पण त्याचा सूर कोणता? भाव चढा असताना त्यात अभिमान होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य जाहीर केले, त्यांत यवतमाळचा समावेश होता. त्यानंतर हेच दोन शब्द कोणी उच्चारले, तर त्यांतील उपरोध कर्जबाजारी घरातील मुलाला विवरणावाचून कळतो. शिक्षक केवळ ‘रूपक’ असे फळ्यावर लिहून पुढे गेला, तर मुलाला जे ठाऊक आहे तेच कवितेच्या बाहेर राहते. अर्थात अनुभवाचा आधार घेतानाही मर्यादा हवी. घरातील दुःख वर्गात बोलून दाखविण्याची सक्ती करणे अनुचितच. शिवाय प्रतिमा अखेर कवितेतील असते, तिचे कार्य तिच्या आजूबाजूच्या ओळींवरून ठरते. समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही समुद्राची प्रतिमा कळू शकते, फक्त तिला थोडी पूर्वतयारी लागते.

सुराचे उत्तम उदाहरण यवतमाळातच आहे. तेथे वकिली करणारे भाऊसाहेब पाटणकर (१९०८–९७) यांनी मराठी शायरीला स्वतंत्र रूप दिले. त्यांच्या एका संग्रहाचे दोस्तहो हे नाव म्हणजे संबोधनच. श्रोत्याशी असलेले नाते नावापासूनच ठरते. प्रणय आणि मृत्यू यांविषयी ते ज्या खेळकर ऐटीने बोलतात, ती गाळून केवळ अर्थ सांगितला, तर हाती सामान्य विधान उरते. गंभीर विषय आणि हलका सूर यांतील अंतर विद्यार्थ्याच्या कानाला जाणवले पाहिजे. त्यासाठी एकच ओळ दोन प्रकारे वाचून दाखविणे हा साधा उपाय पुष्कळ व्याख्यांहून उपयुक्त ठरतो.

परीक्षापद्धती मात्र याला फारशी अनुकूल नाही. रसग्रहणाचा प्रश्न मुळात चांगला. परंतु मार्गदर्शिकांतील तयार रसग्रहणांत प्रत्येक कवी ‘अत्यंत समर्पक शब्दांत’ भावना व्यक्त करतो आणि प्रत्येक कविता ‘मनाला भिडते’. कवितेचे नाव बदलले तरी उत्तर तेच चालते.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. हा उच्चार वर्गात दडविताना विद्यार्थी सपाट स्वरात वाचू लागतो आणि सूर हरवतो. शंकर बडे यांच्यासारख्या या जिल्ह्यातील कवीची वऱ्हाडी कविता पुढे असल्यास त्याच विद्यार्थ्याचे वाचन मोकळे होण्याची शक्यता अधिक. पण घरी गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलांना वऱ्हाडीही दुसरीच भाषा असते. मराठीतील आर्जव, थट्टा वा उपहास यांचे स्वर त्यांच्या कानावर आधी पडावे लागतात. म्हणून अर्थ सांगण्यापूर्वी कविता दोन-तीनदा मोठ्याने वाचली जाणे त्यांच्या बाबतीत अपरिहार्य ठरते. तासिकेचा बराचसा वेळ प्रश्नोत्तरे उतरवून देण्यात जात असल्याने नेमके हेच वाचन प्रथम वगळले जाते.