पोवाड्यातली गोष्ट हरवली आहे

१ ऑगस्ट जवळ आला की मानखुर्दच्या साठेनगरात कमानी उभ्या राहतात, स्पीकरच्या भिंती लागतात आणि लोकशाहीर अण्णाभाऊ साठेंच्या जयंतीचे पोवाडे घुमू लागतात. आवाज दणदणीत, ढोलकी कडक. पण नीट कान देऊन ऐकलं तर दहा मिनिटांच्या पोवाड्यात एकही प्रसंग सापडत नाही. वाघ, सिंह, सूर्य, वादळ अशी विशेषणं एकामागून एक येतात. नायकाने काय केलं, ते करताना त्याच्यापुढे कोणते रस्ते होते, त्यापायी काय गमावलं, हे कुणी सांगत नाही. शिवजयंतीलाही हेच आणि १४ एप्रिललाही हेच. माझ्या मते आजच्या पोवाड्याचं खरं दुखणं हे आहे.

वीरकथा कशी सांगावी याचा जुना धडा होमरच्या ‘इलियड’मध्ये आहे. चोवीस सर्गांचं, साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींचं हे काव्य ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धातले जेमतेम पन्नास दिवस सांगतं. ट्रॉय पडतं तो प्रसंग त्यात नाहीच. सुरुवात होते ती अकिलीसच्या रागापासून. वाट्याला आलेली स्त्री सेनापतीने काढून घेतली म्हणून हा सर्वश्रेष्ठ योद्धा रुसून तळावर बसतो आणि त्याचे सोबती मरत राहतात. नवव्या सर्गात मनधरणीला मंडळी येतात, तेव्हा तो वीणा घेऊन जुन्या वीरांच्या कथा गात बसलेला असतो. घरी परतलास तर लांब आयुष्य मिळेल, लढलास तर लवकर मरशील पण नाव राहील, हे त्याला ठाऊक आहे. कवी त्याचा हट्ट लपवत नाही, क्रौर्यही लपवत नाही. शत्रूकडचा हेक्टर सहाव्या सर्गात बायकोचा निरोप घेतो, शिरस्त्राणाला भिऊन रडणाऱ्या तान्ह्याला उचलतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव त्याच्यातच अडकतो. शेवटच्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप, ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचं चुंबन घेऊन प्रेत मागतो. मग अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? तितके दिवस लढाई थांबते. पराक्रमाचं मोल पुरतं कळतं ते इथे.

हे आपल्याकडे नव्हतं असं मुळीच नाही. शाहीर तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा घ्या. गड चढायची वेळ फार उशिरा येते. त्याआधी जिजाऊ शिवाजीराजांना सोंगट्या खेळायला बसवतात, डाव जिंकतात आणि कोंढाणा मागतात. तानाजी मुलाच्या, रायबाच्या, लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला असतो, ते लग्न मागे ठेवून मोहिमेवर निघतो. समोरचा उदयभानही किरकोळ नाही. त्याच्या पदरी चंद्रावली हत्ती आहे, सिद्दी हिलाल आहे. तानाजी पडतो, शेलारमामा लढाई तडीला नेतो, आणि शेवटी रायबाचं लग्न राजे लावून देतात. इतिहास म्हणून यातलं कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न. कथा म्हणून मात्र हा पोवाडा हेक्टरच्या निरोपाशेजारी बसवावा असा आहे, कारण लढाईच्या मागे लग्नघर उभं आहे.

अशा पोवाड्यांचा शोध एच. ए. अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी घेतला, १८९१मध्ये संग्रह छापला, पुढे य. न. केळकरांनी ते काम वाढवलं. छापल्यामुळे शब्द वाचले. पण पोवाडा केवळ शब्दांत नसतो. शाहीर पुढे, डाव्या हातात डफ. मागे तुणतुणं, झांज आणि झीलकरी. शाहिराने ओळ टाकली की झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, समोरचे चेहरे बघतो, पुढचा चौक मनात जुळवतो. लोक रंगले तर प्रसंग वाढवतो, चुळबुळले तर गाणं थांबवून दोन वाक्यं बोलतो आणि चाल बदलतो. अमेरिकी अभ्यासक मिल्मन पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात निरक्षर गायकांकडे गेला तो हेच पाहायला. अव्दो मेजेदोविच नावाच्या गायकाने १९३५मध्ये बारा हजारांवर ओळींचं एक काव्य सांगितलं. होमरमध्ये तीच ती विशेषणं पुन्हापुन्हा का येतात, याचा उलगडा अशा गायकांमुळे झाला. ठरलेले शब्द गायकाला वृत्तात सावरून धरतात आणि त्या आधारावर तो कथा पुढे नेतो. आज आपल्या पोवाड्यात आधार तेवढे उरले, वर कथा नाही. ध्वनिमुद्रित पोवाड्याला तर समोरचे चेहरेही दिसत नाहीत.

घाटकोपर–मानखुर्द जोडरस्त्याच्या एका टोकाला घाटकोपर आहे. ज्यांच्या जयंतीला हे पोवाडे घुमतात ते अण्णाभाऊ तिथल्या चिरागनगरात वर्षानुवर्षं राहिले. वाटेगावहून मुंबईला पायी आलेल्या या माणसाने स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून तो गिरणगावात ऐकवला. कुठल्या परक्या नदीकाठचे लढवय्ये इथल्या कामगाराला आपले वाटले, ते कथेच्या बळावर. ‘फकिरा’त तर त्यांनी वीरकथेची दिशाच बदलली. अकिलीस मानासाठी लढाई सोडतो. फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो आणि कोंडून ठेवलेल्या आपल्या लोकांसाठी स्वतःला सरकारच्या हवाली करतो. कादंबरी असली तरी तिची लय शाहिराची आहे. फकिराचा बाप राणोजी याचा जोगणीचा प्रसंग मोठ्याने वाचून पाहावा, डफ आपोआप ऐकू येतो.

सगळंच संपलंय असं म्हणणं अन्यायाचं होईल. शाहीर संभाजी भगत यांच्या संकल्पनेतून आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाने शाहिरीला पुन्हा प्रश्न विचारायला लावलं आणि गावोगावच्या प्रेक्षकांनी ते नाटक उचलून धरलं. लोकांना गोष्ट नको आहे, ही सबब तिथेच मोडते. उलट २०२०च्या ‘तान्हाजी’ चित्रपटात उदयभान इतका विकृत रंगवला, की त्याला हरवणाऱ्याचं धैर्य त्यात बुडून गेलं. शत्रूला माणूस राहू दिलं नाही की नायकही पुतळा होतो.

मानखुर्दला विषयांचा तुटवडा नाही. रेल्वेरुळांकडेच्या झोपड्या तुटल्यावर लल्लूभाई कंपाउंडमध्ये येऊन पडलेली कुटुंबं, देवनारच्या कचऱ्यावर पोट भरणाऱ्या बाया, गटारात उतरणारे पुरुष. यांच्यात राग आहे, हट्ट आहे, निरोप आहे, चुकाही आहेत. तेव्हा जयंती मंडळांना माझी विनंती आहे. येत्या १ ऑगस्टला एक तास स्पीकरच्या भिंती बंद ठेवा. वस्तीतल्याच एखाद्या पोराच्या हाती डफ द्या, मागे दोन झीलकरी उभे करा, आणि त्याला एकाच माणसाची एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू द्या.