लपवले, तरी सांगितले : गूढ शब्दकोड्यातील सचोटी

मराठी वर्तमानपत्रांतली शब्दकोडी आपण सगळेच सोडवतो. ‘सूर्य (२)’ असे दिलेले असते आणि आपण ‘रवि’ लिहितो. उभ्या शब्दाशी जमले नाही तर ते खोडून ‘मित्र’, ‘भानू’ किंवा ‘अर्क’ करून पाहतो. यातले प्रत्येक उत्तर त्या दोन चौकटींत बसते. त्यांतले खरे कोणते, हे सूत्रावरून ठरत नाही. ते आजूबाजूच्या अक्षरांवरून किंवा उद्याच्या अंकातल्या उत्तरावरून कळते.

इंग्रजीत ज्याला क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात ते गूढ शब्दकोडे नेमके याच ठिकाणी वेगळे पडते. त्यातले प्रत्येक सूत्र उत्तर दोनदा सांगते, एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या खेळाने. या दोन वाटा ज्या शब्दावर मिळतात तोच शब्द बरोबर. सोडवणाऱ्याला उद्याच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही, कारण उत्तराचा पुरावा सूत्रातच असतो. म्हणूनच अशा सूत्राचे स्पष्टीकरण लिहिणे म्हणजे एक छोटी समीक्षा करणे, असे मी मानतो. कोणता शब्द काय काम करतो, कोणता नुसता शोभेचा आहे आणि लेखकाने वाचकाला चकवले की फसवले, हे सारे प्रश्न त्यात येतात. या लेखात ते प्रश्न आधी इंग्रजी परंपरेला विचारायचे आहेत आणि मग मराठीलाही.

छळ करणाऱ्यांची वंशावळ

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले. त्यात सरळ अर्थ दिलेले होते. त्याला गूढ वळण लागले ते इंग्लंडमध्ये. १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉइस मॅथर्स ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचू लागले. टॉर्केमाडा हा स्पॅनिश धर्मन्यायपीठाचा कुप्रसिद्ध प्रमुख. टोपणनावातच सोडवणाऱ्यांचा छळ करण्याची जाहीर कबुली होती! १९३९मध्ये मॅथर्स गेले आणि त्यांच्या जागी डेरिक मॅकनट हे अभिजात भाषांचे शिक्षक आले. त्यांनीही स्पॅनिश न्यायपीठातलेच ‘झिमेनेझ’ हे नाव घेतले. १९७२पासून जोनाथन क्राउदर ‘अझेड’ झाले. न्यायपीठाचा आणखी एक प्रमुख डेझा, त्याच्या नावाची रोमन अक्षरे उलटी केली की ‘अझेड’ होते. शिवाय त्यात वर्णमालेचे पहिले आणि शेवटचे अक्षरही येते. नावदेखील दोन वाटांनी सिद्ध होणारे!

नावे छळाची असली, तरी झिमेनेझ यांचे खरे कार्य वाचकाला न्याय देण्याचे होते. टॉर्केमाडांची कोडी विद्वत्तेने खच्चून भरलेली असत, पण त्यांत सूत्राचे व्याकरण पक्के नव्हते. मॅकनट यांनी १९६६मध्ये कोड्यांच्या कलेवर पुस्तक लिहून नियम मांडले. सूत्रात असावे तीनच गोष्टींनी : नेमकी व्याख्या, नेमका अक्षरखेळ आणि त्यांना जोडण्यापुरते शब्द. चौथे काहीही नको. व्याख्या आरंभी किंवा शेवटी यावी, मधोमध नाही. त्यांच्याही आधी ‘आफ्रिट’ या नावाने लिहिणाऱ्या कोडेकाराने हे तत्त्व सांगून ठेवले होते. त्याचा आशय असा : कोडेकाराला वरवर एक भासवून मनात दुसरेच ठेवण्याची मुभा आहे, पण जे मनात आहे ते त्याच्या शब्दांत अक्षरशः असलेच पाहिजे.

ऑब्झर्व्हरच्या या परंपरेत वाचकांनाही सूत्रे रचायला सांगत आणि निकालासोबत कोडेकाराची टिप्पणी एका पत्रकात येई. कुठल्या सूत्रातला क्रियापदाचा काळ जुळत नाही, कुठली व्याख्या सैल आहे, याची ती चिरफाड असे. कोड्यांचे समीक्षाशास्त्र खरे घडले ते या पत्रकांतून. कॉलिन डेक्स्टर या स्पर्धांतले एक मुरलेले स्पर्धक. त्यांच्या कादंबऱ्यांतला इन्स्पेक्टर मोर्स आणि त्याचा सहकारी लुईस यांची नावे सहस्पर्धकांवरूनच आली आहेत.

‘वाढीची खूण’

झिमेनेझांचे नियम सर्वांनी मानले नाहीत. न मानणाऱ्यांत सर्वांत लाडके नाव ‘अराउकॅरिया’चे. रेव्हरंड जॉन ग्रॅहम हे धर्मोपदेशक १९५८पासून ‘गार्डियन’साठी कोडी रचत आणि १९७०पासून हे टोपणनाव वापरत. अराउकॅरिया म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘माकडाचे कोडे’ म्हणतात ते झाड. त्याच झाडाचे दुसरे नाव ‘चिले पाइन’. त्याची रोमन अक्षरे विस्कटली की ‘सिनेफाइल’, म्हणजे चित्रपटप्रेमी, हा शब्द मिळतो. ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये ग्रॅहम याच नावाने लिहीत.

जानेवारी २०१३मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांनी एका कोड्याच्या माथ्यावर सूचना दिली. तिचा मतितार्थ असा की, अराउकॅरियाला १९ क्रमांकाच्या जागी १८ क्रमांकाचे काही झाले आहे आणि त्यावर १३ व १५ क्रमांकांचा उपचार चालू आहे. चौकटी भरत गेल्यावर वाचकांना कळले : अन्ननलिकेचा कर्करोग आणि वेदनाशामक शुश्रूषा. त्याच जाळीत परिचारिका, एंडोस्कोपी, स्टेंट आणि सूर्यास्त हे शब्दही होते. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ग्रॅहम गेले.

त्यातले १८ क्रमांकाचे सूत्र जेमतेम तीन शब्दांचे होते. मराठीत त्याचा अर्थ ‘वाढीची खूण’. वरवर वाचले तर एखाद्या रोपट्याला फुटलेली पालवी डोळ्यांपुढे येते. उकलून पाहिले तर ‘खूण’साठी इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ रासही होतो आणि ‘वाढ’ म्हणजे शरीरातली गाठ. रास कर्क, गाठही कर्क. सूत्रात एकही शब्द जास्तीचा नाही. नियमांशी सैलपणे वागणाऱ्या कोडेकाराचे हे सूत्र झिमेनेझांनाही निर्दोष वाटले असते.

मला यात वृत्ती महत्त्वाची वाटते. स्वतःच्या मरणाची बातमी देतानाही हा माणूस वाचकाकडून दया मागत नाही. तो त्याला काम देतो. बातमी वाचकाने स्वतः शोधायची, आणि शोधताना दोन्ही वाटा जुळल्या की नाही हे नेहमीसारखेच तपासायचे. कोड्यातली सचोटी ही निव्वळ तांत्रिक बाब नसते. तो वाचकाशी राखलेला इमान असतो, आणि इथे तो शेवटच्या आजारातही राखलेला दिसतो.

हेच मराठीत?

गंमत अशी की हे सूत्र मराठीत जवळजवळ जसेच्या तसे येते. ग्रीकांनी गाठीला खेकड्याचे नाव दिले, लॅटिनने ते उचलले आणि आपला ‘कर्करोग’ त्याच खेकड्याच्या वाटेने आला. ‘वाढीची रास (२)’, उत्तर ‘कर्क’. उलट मराठीत एक चकवा जास्तीचा मिळतो. ‘रास’ म्हटले की खळ्यावरचा धान्याचा ढीगही दिसतो. मात्र कडक परीक्षक इथे बोट ठेवेल. मराठीत नुसते ‘कर्क’ म्हणजे रोग नव्हे, त्याला ‘रोग’ जोडावा लागतो. म्हणून हे सूत्र सुंदर आहे, पण निर्दोष नाही. समीक्षा हवी ती अशी : आवडले आणि पटले यांत फरक करणारी.

मराठीला गूढ सूत्र कितपत पेलते, हे पाहण्यासाठी मी प्रकारवार सूत्रे रचून पाहिली. त्यांतली काही इथे उकलतो. वाचकांनी पुढे जाण्याआधी थांबून स्वतः प्रयत्न करावा.

‘एक मलाही द्या, आत दडली आहे लक्ष्मी (३).’ इथे ‘आत दडली’ ही खूण आहे. ‘एक मलाही’ या अक्षरांच्या पोटात ‘कमला’ आहे आणि कमला म्हणजे लक्ष्मी. वाक्य दुकानातल्या गिऱ्हाइकाचे वाटते, पण ‘द्या’ आणि ‘आहे’ हे शब्द बेकार बसले आहेत. ‘एक मलाही : आत दडली लक्ष्मी’ असे केले की तो दोष जातो, आणि गिऱ्हाईकही थोडे दूर जाते. वरचे चित्र आणि आतली काटेकोर रचना यांची ही ओढाताण प्रत्येक सूत्रात असते.

‘घावामागे हत्ती, तो पंढरीच्या वाटेवरचा (४).’ घाव म्हणजे वार, त्याच्यामागे हत्ती म्हणजे करी, मिळून ‘वारकरी’. आपल्या साहित्यशास्त्रातला सभंग श्लेष तो हाच.

‘सकाळची सुरुवात गेली, उरला तो यम (२).’ ‘सकाळ’मधले पहिले अक्षर गेले की ‘काळ’.

‘पाण्याचे भांडे, सारी सृष्टी (२).’ उत्तर ‘जग’. दोन्ही अर्थ एकाच लिपीत मावतात, पण ‘ज’चा उच्चार दोन ठिकाणी वेगळा. इंग्रजीत लेखन वेगळे आणि उच्चार एक अशा शब्दांवर पुष्कळ सूत्रे उभी असतात. आपल्या लिपीत तसे शब्द थोडे. त्याची भरपाई च-ज-झ यांचे हे दुहेरी उच्चार करतात.

अक्षर की वर्ण?

खरी अडचण अक्षरे विस्कटण्यात आहे. इंग्रजी गूढ कोड्यांत हा प्रकार रोजच्या भाकरीसारखा. नऊ अक्षरी शब्दाच्या ३,६२,८८० मांडण्या होतात, म्हणून तिथे लपायला रान मिळते. मराठी चौकटीत आपण मात्रेसकट अख्खे अक्षर लिहितो, त्यामुळे शब्द दोन-तीन-चार चौकटींतच संपतो. ‘गरम ढवळले तर पाण्यातून वर येते ती (३).’ तीन अक्षरांच्या मांडण्या सहाच, आणि त्यांतून ‘मगर’ बाहेर यायला वेळ लागत नाही.

यावर उपाय म्हणजे अक्षर फोडून वर्णापर्यंत जाणे, मात्रा व्यंजनापासून सुटी मानणे. मग वेगळेच दालन उघडते. ‘मात्रांची अदलाबदल झाली, तर वीणा म्हणजे बोलणे (२).’ ‘वीणा’मधली ई आणि आ यांनी जागा बदलल्या की ‘वाणी’. शारदेच्या हातातले वाद्य आणि तिचे दुसरे नाव एकाच चार वर्णांतून घडलेले आहे, हे मला तरी कोड्यामुळेच दिसले. शिवाय ‘मात्रा’ हा शब्द तालाचा, छंदाचा, लिपीचा आणि वैद्याचाही. कोडेकाराला याहून मोठी देणगी कोणती? अट एकच : सूत्रात मात्रांचा उल्लेख स्पष्ट हवा. तो न करता ‘वीणा बिघडली’ एवढेच लिहिणे म्हणजे फसवणूक.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. ‘दीन उलटला की वाहते ती (२)’ हे सूत्र नीट आहे, दीन उलटा म्हणजे नदी. पण ‘दीनाने पाठ फिरवली’ असे लिहिले तर विभक्तीने मूळ शब्दच बदलतो आणि उलटायला ‘दीना’ उरतो. इंग्रजी शब्द वाक्यात कुठेही बसला तरी बहुधा तसाच राहतो, मराठी शब्द प्रत्यय लागताच वाकतो. म्हणून मराठीचा नियम असा असावा : ज्या शब्दाची अक्षरे वापरायची तो वाक्यात मूळ रूपातच असावा, आणि ज्याचा नुसता अर्थ घ्यायचा तो हवा तसा चालवावा. ‘गरिबाने पाठ फिरवली की वाहते ती’ हे मग चालते, कारण गरिबाचा ‘दीन’ सोडवणारा स्वतः करतो.

तिसरी गोष्ट लिंगाची. ‘वाहते ती’ म्हटले की उत्तर स्त्रीलिंगी हे उघड होते. मराठी क्रियापद गुपित फोडते. याला मी दोष मानत नाही. मराठी सूत्र इंग्रजीपेक्षा थोडे अधिक बोलते, आणि कोडेकाराने ते गृहीत धरून दुसरीकडे अधिक लपवावे.

आपले जुने भांडवल

हे सारे परके आहे असे समजण्याचे कारण नाही. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त तिचे सोळा प्रकार सांगितले. बाणाच्या ‘कादंबरी’तला शूद्रक राजा अक्षर गळालेली, मात्रा गळालेली कोडी सोडवण्यात वेळ घालवतो. वरचे ‘काळ’चे सूत्र त्याच घराण्यातले. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचताना ओष्ठ्य वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ लिहिले. भाषेच्या अक्षराअक्षरावरची ही हुकमत आपल्याकडे होती.

फरक मात्र मान्य करायला हवा. मुक्ताबाईंच्या कूट अभंगांना एकच उत्तर अपेक्षित नसते, त्यांचा अर्थ वाढत जातो. प्रहेलिका बहुधा विदग्धांच्या सभेसाठी, आणि न सुटण्यातच तिची मिजास. गूढ शब्दकोडे या दोहोंहून वेगळे, कारण ते सुटावे म्हणूनच रचलेले असते. सभेतल्या पंडिताची जागा इथे लोकलमध्ये पेन्सिल घेऊन बसलेला कोणीही घेतो, आणि कोडेकाराने त्याला बरोबरीचा मानलेले असते.

आज गूढ कोडे सोडवू पाहणारा मराठी माणूस ‘द हिंदू’सारख्या इंग्रजी पत्राकडे वळतो आणि हळूहळू समजू लागतो की शब्दांशी असे खेळणे इंग्रजीलाच जमते. मला काळजी वाटते ती याची. ‘सूर्य (२)’ एवढेच विचारणारे कोडे वाचकाचा शब्दसंग्रह तपासते, पण त्याच्याकडे असलेले शब्द त्याला नव्याने दाखवत नाही. मराठी वर्तमानपत्राने आठवड्यातून एकदा, दहा-बारा सूत्रांचे का होईना, गूढ कोडे छापावे आणि पुढच्या आठवड्यात नुसती उत्तरे न देता प्रत्येक सूत्राची उकल द्यावी. उकल वाचूनच वाचक घडतो, आणि कोडेकारालाही आपले बेकार शब्द चारचौघांत दिसतात. सामान्यरूपाचे, मात्रांचे, लिंगाचे नियम मग आपोआप ठरत जातील, वाचकांशी वाद घालत घालत. इंग्रजीतही ते तसेच ठरले.