ग्राफीनची उष्णतावाहकता : एका आकड्याची चिकित्सा

२००८ साली बालंदिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधांतरी ताणलेल्या ग्राफीनची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे ५००० वॅट ठरविली. तांब्याची ४०० च्या आसपास आहे. तेव्हापासून हा आकडा प्रबंधांच्या प्रस्तावनेत मंत्रवत येतो; मापनाची रीत मात्र क्वचितच तपासली जाते. येथे लेसरच थर तापवितो आणि विखुरलेल्या प्रकाशातील रामन-रेषेच्या सरकण्यावरून तापमान काढावयाचे असते. साहजिकच शोषलेला प्रकाश किती, यावर सारी मदार! एकपदरी ग्राफीन दृश्य प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के शोषितो. हा अंश दुप्पट धरला की वाहकताही दुप्पट निघते.

शिवाय उपकरणातील थर अधांतरी नसतो. सिलिकॉन डायऑक्साइडवर टेकलेल्या ग्राफीनची वाहकता २०१० साली ६०० च्या घरात आढळली, कारण जालकाची कंपने आधारात झिरपतात.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या बाबतीत अडचण निराळी. उघड्या हवेत प्रखर लेसराखाली तो ऑक्सिडीकृत होतो. मग मोजला तो कोणता पदार्थ? काळा फॉस्फरस तर हवेतील ओलीने व प्रकाशाने आपोआपच झिजतो. प्रयोगशाळेतील २७ अंश आणि केमच्या वैशाखातील ४० अंश यांमधील तफावत त्यापुढे किरकोळच म्हणावी लागेल.