स्कारा ब्रे : टेकाडाचे वाचन आणि चाइल्ड यांची मांडणी

प्रस्तावना :
स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात स्केलच्या उपसागराकाठी वाळू व गवताने झाकलेले एक टेकाड होते. १८५० च्या वादळाने त्यावरील आच्छादन उडाले आणि दगडी घरे उघडी पडली. १९२४ च्या वादळात एका घराचा काही भाग वाहून गेला. त्यानंतर व्ही. गॉर्डन चाइल्ड यांनी येथे उत्खनन केले आणि १९३१ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथातील अर्थनिर्णयाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
चाइल्ड यांनी ग्रंथाच्या शीर्षकातच या वस्तीला ‘पिक्टिश’ ठरविले. वास्तविक पिक्ट लोकांचा पहिला लिखित उल्लेख इ. स. २९७ चा आहे. १९३० च्या दशकातच मृद्भांड्यांच्या साम्यावरून ही वस्ती नवाश्मयुगीन असल्याचे मत पुढे आले. १९७० च्या दशकातील उत्खनन व कार्बन-१४ कालमापनाने तिचा काळ इ. स. पू. सुमारे ३१८० ते २५०० असा ठरला. वस्तूंना आधी ज्ञात जमातीचे नाव द्यायचे व मग त्या नावावरून काळ ठरवायचा, या पद्धतीची मर्यादा येथे उघड होते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एका घराच्या अरुंद दाराजवळ विखुरलेले मणी आढळले. त्यावरून वादळात घाईने पळणाऱ्या स्त्रीची माळ तुटली, असे चित्र चाइल्ड यांनी रेखाटले. हे चित्र मनाला भिडते, म्हणूनच ते टिकले. परंतु माळ तुटण्यास वादळच कारणीभूत होते, हे मण्यांवरून सिद्ध होत नाही. वाळूने भरत आलेल्या घरांत पुढे काही काळ मुक्काम झाल्याच्या खुणा चाइल्ड यांनीच नोंदविल्या आहेत. वस्ती हळूहळू ओस पडली असावी, हे मत आज अधिक ग्राह्य मानले जाते.

मराठी पुरातत्त्वलेखनात जिला पांढरीचे टेकाड म्हणतात, त्या संकल्पनेशी ही वस्ती ताडून पाहण्याजोगी आहे. येथील घरे साचलेल्या उकिरड्यातच रोवलेली होती. त्या थराने भिंतींना आधार आणि ऊब दिली. म्हणजे हे टेकाड केवळ विनाशाचे अवशेष नसून वास्तुरचनेचाच भाग होते. एका रात्रीच्या आपत्तीची कथा प्रमुख केल्याने शतकानुशतकांचे हे संचित दुय्यम ठरते.

समारोप :
तथापि चाइल्ड यांच्या ग्रंथाचे मोल कमी होत नाही. त्यांची निरीक्षणे इतकी काटेकोर आहेत की त्यांच्याच नोंदींच्या आधारे त्यांचे निष्कर्ष तपासता येतात. वर्णन आणि कल्पना यांतील सीमारेषा वाचकाला दिसेल अशी ठेवणे, ही उत्खनकाची पहिली जबाबदारी होय. समुद्र आज या वस्तीच्या उंबरठ्याशी आला आहे; अशा वेळी ही जबाबदारी अधिकच वाढते, कारण स्थळ नष्ट झाल्यास उरणार ती केवळ नोंद.