डीमन-विधीची चिकित्सा

डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट’ हा १९९२ सालचा ग्रंथ आमच्या विषयात प्रमाणभूत मानला जातो, आणि तो मान यथार्थच आहे. तथापि त्याच्या तेराव्या प्रकरणातील डीमन-विधी, म्हणजे अग्रभागी चालणाऱ्या प्रोग्रॅमला पार्श्वभूमीतील अखंड सेवा बनविण्याची रीत, आज पुन्हा तपासून पाहणे अवश्य आहे. विद्यार्थी ती मंत्राप्रमाणे पाठ करतात: फोर्क करून जनक प्रक्रियेने निवृत्त व्हावे, सेटसिडने नवे सत्र सुरू करावे, मूळ डिरेक्टरीत जावे, उघड्या फाइली मिटाव्यात.

बोरघाटाने येणाऱ्यास या विधीचे प्रयोजन सहज कळेल. कर्जतला गाडीच्या पाठीस लागलेली बँकर इंजिने तिला घाट चढवून देतात व लोणावळ्यास सुटतात. पुढे मावळातून गाडी स्वबळाने धावते. टर्मिनलवरून सुरू केलेला प्रोग्रॅमही, वापरणारा निघून गेल्यावर, हँगअपच्या संकेताने मरू नये, एवढाच येथे हेतू. परंतु बँकर सुटला म्हणून गाडी नियंत्रकाच्या दृष्टीआड होत नाही. डीमन-विधी मात्र टर्मिनलचे बंधन तोडताना पालकाचेही तोडतो. पोरकी झालेली प्रक्रिया इनिट या आद्य प्रोग्रॅमच्या पदरी पडते. तो तिचे अंत्यसंस्कार करतो, पण ती कोण होती हे त्यास ठाऊक नसते.

मग प्रक्रियेचा क्रमांक एखाद्या फाइलीत टिपून ठेवणे आले. समजा, लोणावळ्याच्या पावसाची नोंद घेणारा प्रोग्रॅम आषाढातल्या एका रात्री कोसळला. फाइल तो जिवंत असल्याचेच सांगत राहील. दरम्यान तोच क्रमांक दुसऱ्या प्रक्रियेस मिळाला असेल, तर सेवा थांबविण्याची आज्ञा भलत्याचाच बळी घेईल. पडून गेलेला पाऊस तर पुन्हा मोजता येत नाही.

आश्चर्य असे की, अधिक चांगली रीत याच ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात वर्णिलेली आहे. इनिट प्रत्येक टर्मिनलसाठी गेटी निर्माण करतो. पुढे तिथला लॉगिन-शेल संपताच त्यास वार्ता मिळते व तो नवी गेटी उभी करतो. हाच न्याय सेवांना का लावू नये? बर्नस्टाइन यांच्या डीमनटूल्सने तो लावला; २०१० साली आलेल्या सिस्टिमडीने तो रूढ केला. प्रोग्रॅमने अग्रभागीच राहावे, आपला मजकूर नेहमीच्या आउटपुटवर लिहावा. पार्श्वभूमीची चिंता व्यवस्थापकाने वाहावी. सिस्टिमडीखाली सुरू होणाऱ्या सेवेस सोडवून घेण्याजोगे टर्मिनलच बहुधा नसते.

जुन्या विधीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. कसोशीने लिहिलेल्या डीमनमध्ये जनकाची निवृत्ती हीच सेवा सज्ज झाल्याची खूण असे. अग्रभागी राहणारा प्रोग्रॅम ती आपोआप देत नाही. सिस्टिमडीत त्यासाठी ‘नोटिफाय’ हा प्रकार आहे. ज्या सेवेवर दुसरी सेवा विसंबून आहे, तिच्या लेखकाने तो टाळणे मला अक्षम्य वाटते.